वाढणारीचें ताट

जेवणाचा विषय नीतीच्या सदरांत कशाला आणावा, असें कोणी विचारील. भूक लागली म्हणजे जेवावें, आजारी पडल्यास वैद्याला पुसावें. ह्यांत बरेंवाईट तें काय ठरवावयाचें? आम्हीहि पुष्कळ दिवस असेंच समजत होतों. परंतु रक्ताभिसरण चांगलें राहण्यासाठीं काय खावें, ह्याविषयीं खेड्यांतील वाचकांकरितां चार शब्द लिहावे म्हणून आम्ही बसलों, तेव्हां काय खावें ह्या प्रश्नाचें उत्तर एका लहानशा कागदावर मावलें. आणि कोणीं, केव्हां व कोणाच्या आधीं खावें हा प्रश्न मात्र सुटेना. हा दुसरा प्रश्न दवाखान्यांत सुटावयाचा नाहीं. तो चुलीपाशीं उत्पन्न होतो. म्हणून आमच्या उपदेशक बंधूंनीं व बायबल-बायांनीं तो वाचावा आणि आम्ही कोठें चुकत असलों तर विचार करून पाहावें, अशी आमची विनंति आहे.

आधीं रक्ताची गोष्ट. मोठ्या माणसाच्या अंगांत सुमारें ५ लिटर रक्त असतें. एक कळशीहि भरणार नाहीं. हें सर्व रक्त स्वस्थ बसलेल्या माणसाचें हृदय दर मिनिटास जवळ जवळ एकदां फिरवून आणितें, आणि दिवसाकाठीं त्याचे सुमारें एक लाख ठोके होतात. रक्त असें फिरतें हें आज शाळेंतील मुलालाहि ठाऊक आहे. परंतु १६२८ सालीं विल्यम हार्वी ह्या इंग्रज वैद्यानें तें पुस्तकरूपानें मांडलें, तोंवर यूरोपांतील विद्वानांचा समज निराळा होता. यकृत अन्नापासून नवें नवें रक्त करीत असतें, आणि तें पाटाच्या पाण्यासारखें अवयवांत जाऊन जिरतें, असें ते मानीत. हार्वीनें एक हिशेब केला, आणि तो आमच्या वाचकांस बाजाराच्या हिशेबाइतका सहज कळेल. हृदय एका ठोक्यास किती रक्त बाहेर टाकितें तें त्यानें अगदीं थोडें धरिलें, अर्ध्या तासांतील ठोक्यांनीं त्यास गुणिलें, आणि पाहतो तों तें अंगांतील सगळ्या रक्ताहून अधिक! इतकें नवें रक्त कोणतें अन्न अर्ध्या तासांत पुरवील? तेव्हां गेलेलेंच रक्त परत येत असलें पाहिजे.

मात्र त्यामुळें अन्नाचा आणि रक्ताचा संबंध सुटत नाहीं. रक्ताला तांबडेपणा देणाऱ्या ज्या बारीक पेशी प्राणवायु वाहून नेतात, त्यांचें आयुष्य सुमारें १२० दिवसांचें असतें. चार महिन्यांत जुन्या जातात व नव्या येतात. जुन्यांतील लोह शरीर काटकसरी गृहिणीप्रमाणें पुन्हां वापरितें. पण स्त्रीच्या अंगांतून महिन्याच्या महिन्याला कांहीं जातें, आणि एका गरोदरपणास सर्व मिळून सुमारें १ ग्रॅम लोह लागतें. एक ग्रॅम म्हणजे नखावर राहील इतकें. पण अन्नांतील लोह साधारणतः दिवसास एक-दोन मिलिग्रॅमच अंगीं लागतें, आणि एका ग्रॅमचे मिलिग्रॅम होतात एक हजार. शिवाय त्या दिवसांत रक्ताचा सांठा वाढतो, व तो फिरविण्यास हृदयाला तिसऱ्या हिश्श्यानें किंवा त्याहूनहि अधिक काम पडतें. ह्या वेळीं रक्त पातळ असेल तर हृदय तेंच काम अधिक ठोके मारून भागवितें. हंडा डोक्यावर घेऊन चढ चढतांना जिला धाप लागते, जिची छाती धडधडते, तिला आपण ‘नाजूक’ म्हणतों. ती नाजूक नसते. तिचें हृदय दोन माणसांचें काम निम्म्या मालावर करीत असतें.

रक्ताच्या वाटांविषयीं दोन शब्द येथेंच सांगतों. मीठ फार झालें म्हणजे रक्तांत पाणी धरून राहतें, दाब वाढतो, आणि वर्षानुवर्षें तो दाब सोसून धमन्या ताठर होतात. जागतिक आरोग्य संघटनेनें दिवसाची मर्यादा ५ ग्रॅमांहून कमी, म्हणजे चहाच्या लहान चमच्याएवढीहि भरेल न भरेल इतकी, सांगितली आहे. आणि आपल्याकडे ठेचा, लोणचें, पापड व खारवलेली मासळी ह्यांच्याच पोटीं ती संपते, भाकरीच्या पिठांतील मीठ वेगळेंच. बाजारच्या दिवशीं भज्यांच्या कढईंत जें तेल सकाळपासून उकळत असतें तेंहि हिताचें नव्हे. तंबाखू अन्न नव्हे, पण ती आणि मिश्री भूक मारितात व रक्तवाहिन्या आंखडवितात, म्हणून अन्नाच्या विषयांत त्यांचें नांव घ्यावेंच लागतें. असो.

आतां ज्या गोष्टीपाशीं आम्ही अडलों ती सांगतों. हृदय अखंड रक्तानें भरलेलें असतें. मग त्याला स्वतःच्या पोषणाची काय चिंता? सोनाराच्या घरीं सोन्याला काय तोटा, असें वाटतें. परंतु हृदयाची भिंत जाड मांसाची आहे, आणि आंतून वाहत जाणाऱ्या रक्तावर तिचें पोट भरत नाहीं. तिच्यासाठीं स्वतंत्र धमन्या आहेत. ह्या धमन्या कोठें फुटतात हें पाहण्याजोगें आहे. हृदयांतून महाधमनी निघते तिच्या अगदीं मुळाशीं त्या फुटतात. मेंदूकडे, हातांकडे, आंतड्यांकडे व पायांकडे जाणाऱ्या शाखा सर्व पुढें आहेत. म्हणजे शुद्ध रक्ताचा पहिला वांटा हृदय आपण घेतें आणि मग इतरांस वाढतें.

हा वांटा केवढा? माणूस स्वस्थ असतां एकंदर रक्ताचा सुमारें विसावा भाग. थोडा वाटतो खरा. पण हृदय वजनानें शरीराच्या सुमारें दोनशेंव्या भागाइतकेंच आहे, तेव्हां आकाराच्या मानानें पाहतां तें दसपट घेतें. त्यास कोणी हावरें म्हणेल काय? पाय झोपतात, हात झोपतात, डोळे मिटतात. हृदयाला सुट्टी नाहीं. जो अखंड राबतो त्याचा वांटा कामाच्या मानानें ठरला आहे, अंगाच्या आकाराच्या किंवा मानाच्या जागेच्या मानानें नव्हे. आणखी एक गोष्ट अशी कीं, हृदय आंवळतें तेव्हां त्याच्या स्वतःच्या धमन्याहि दाबल्या जातात. म्हणून त्याच्या डाव्या बाजूस, जिच्यावर सर्वांत जड काम आहे तिला, बहुतेक रक्त दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यांत मिळतें. उभ्याउभ्यानें, वाढतांवाढतां, तिला जेवतां येत नाहीं.

हें वाचून आमच्या कांहीं भगिनींस आपली चूल आठवली असेल. एक घर डोळ्यांपुढें आणूं या; नांव-गांव नको, कारण तें घर नेवाशांत आहे, पाथर्डींत आहे, कर्जतांत आहे आणि नगर शहराच्या पेठेंतहि आहे. सून पहांटे उठते. झाडलोट, पाणी, गुरांचें शेण, मुलांचीं तोंडें, आणि मग भाकरी. पहिली तव्यावरची भाकरी फुगली कीं ती घरधन्याच्या ताटांत पडते, कालवणांतल्या फोडी त्याच्याच वाटींत जातात. मग दीर, मग मुलगे, मग मुली, मग सासू. सर्वांचें झाल्यावर ती टोपल्यांत हात घालते. भाकरी असते, कारण भाकरी ती मोजून थापते. पण पातेल्यांत उरलेला रस्सा, तळाशीं लागलेली पालेभाजी, आणि दूध तर नाहींच. ती पातेलें भाकरीच्या तुकड्यानें पुसून घेते, चटणीचा गोळा वर ठेवते, आणि चुलीपाशीं एक गुडघा उभा करून चार घांस खाते. कारण तेवढ्यांत कोणी हांक मारिली तर उठतां आलें पाहिजे. ह्या घरांत कोणी दुष्ट नाहीं. घरधनी तिला मारीत नाहीं, सासू तिला उपाशी ठेवीत नाहीं. ‘तूं जेवलीस का?’ असें तिला कोणी विचारिलें नाहीं, एवढेंच.

असें घर अपवादाचें आहे असें कोणी समजूं नये. सरकारनें २०१९ पासून २०२१ पर्यंत घरोघर जाऊन जी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी केली, तींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५४ जणींच्या अंगांत रक्त कमी आढळलें. त्याच वयाच्या पुरुषांत हें प्रमाण शेंकडा २२ होतें. मासिक पाळी व बाळंतपण हीं त्याचीं एक कारणें आहेतच, आणि तीं देहाचीं आहेत. परंतु जिच्या देहाचा खर्च अधिक तिला जमेला अधिक मिळावें, हें कोणताहि वाणी सांगेल. आपण नेमकें उलट करीत आलों आहों.

अन्नानें रक्त खरोखर सुधारतें काय, ही शंका रास्त आहे, आणि तिचें उत्तर आपल्याच प्रांतांत मिळालें आहे. १९२८ सालीं लूसी विल्स नांवाची एक इंग्रज डॉक्टरीण मुंबईस आली. गिरण्यांत काम करणाऱ्या व इतर गरीब स्त्रियांस गरोदरपणीं एक भयंकर रक्तक्षय होत असे व पुष्कळ जणी त्यांत दगावत. हा रोग जंतूंचा असावा असा तर्क होता. विल्सबाईंनीं परळच्या हाफकिन संस्थेंत राहून शोध केला, आणि ज्यांच्या जेवणांत भाजीपाला, फळें व सकस अन्न नसे त्यांनाच हा रोग अधिक होतो असें त्यांच्या लक्षांत आलें. मग त्यांनीं ह्या बायकांस यीस्टचें सत्त्व दिलें, जें विलायतेंत लोक पावाला लावून खातात तेंच, आणि थोड्याच दिवसांत त्यांचें रक्त भरून येऊं लागलें. हें १९३१ सालीं प्रसिद्ध झालें. त्या सत्त्वांत गुण कशाचा होता तें तेव्हां कोणास कळलें नव्हतें. १९४१ सालीं अमेरिकेंत पालकाच्या पानांपासून तें द्रव्य वेगळें काढिलें गेलें, आणि पान ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फोलिक ॲसिड हें नांव पडलें. पातेल्याच्या तळाशीं जी पालेभाजी सुनेसाठीं उरत नाहीं, तिचेंच हें नांव!

दुसरी गोष्ट पुण्याजवळची. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सोबत्यांनीं १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचें जेवण व त्यांच्या बाळांचीं वजनें ह्यांची नोंद ठेविली. २००१ सालीं त्यांनीं जें प्रसिद्ध केलें त्यांत असें दिसलें कीं, ज्या माता हिरव्या पालेभाज्या व फळें वरचेवर खात त्यांचीं बाळें अधिक भरलेलीं होतीं. नुसत्या पोटभर अन्नाचा तसा संबंध दिसला नाहीं. म्हणजे टोपल्यांतली चौथी भाकरी पातेल्यांतल्या भाजीची उणीव भरून काढीत नाहीं. ‘गरोदरीनें बेतानें खावें, नाहीं तर मूल मोठें होऊन अडतें’ असा जो समज अजून कोठें कोठें ऐकूं येतो, त्यानें किती घरांचें नुकसान केलें असेल!

येथपर्यंत आम्ही आलों आणि मनांत एक भीति उभी राहिली. हृदय असें करितें म्हणून घरानेंहि तसें करावें, हें म्हणणें खरें आहे काय? शरीराच्या रूपकावरून समाजाचे नियम काढणें ही जुनी व धोक्याची खोड आहे. रोमच्या इतिहासांत अशी कथा आहे कीं, गरीब प्रजा रुसून शहर सोडून गेली तेव्हां सरदारांनीं एका वक्त्याला पाठविलें, आणि त्यानें हातापायांनीं पोटाविरुद्ध केलेल्या बंडाची गोष्ट सांगून त्यांस परत आणिलें. गोष्ट गोड आहे. पण तींत सरदार पोट झाले आणि प्रजा हातपाय झाली, हें वाटप कोणी केलें? आपल्या देशांत तर मुख, बाहु, मांड्या व पाय ह्या रूपकानें माणसांच्या पायऱ्या ठरविल्या गेल्या, आणि त्या पायऱ्यांच्याहि बाहेर ज्यांना उभें केलें त्यांची मुलेंनातवंडें आज हें पत्र वाचीत आहेत. तेव्हां शरीराचें रूपक कोणी पुढें केलें म्हणजे आपण सावध व्हावें हेंच बरें. आम्हीहि हृदयाचा दाखला पुरावा म्हणून देत नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, वाढणाऱ्यानें स्वतः न खाणें ही सृष्टीची रीत आहे असा जो आपला समज आहे तो खोटा आहे. सृष्टींत सर्वांत मोठी वाढपीण आधीं आपलें ताट वाढून घेते. मग आपली रीत न्यायाची कशी, हें आपणांस निराळ्या कारणानें दाखवावें लागेल.

असें कारण दाखविलें जातें, आणि तें हलकें नाहीं. लोक म्हणतात, आईची माया ही अशीच असते. आपल्या तोंडचा घांस काढून लेंकराला देणें ह्यांतच तिचा मोठेपणा आहे, आणि स्वार्थत्याग शिकविणाऱ्यांनीं त्याला नांवें ठेवावीं हें नवलच. आम्ही त्या मायेपुढें मस्तक लववितों. दुष्काळांत, आजारपणांत, ज्या आयांनीं आपला घांस मुलांस दिला त्यांच्यामुळें आमच्यापैकीं पुष्कळ जण आज जिवंत आहेत. पण त्याग कशाला म्हणावें? आपलें म्हणून जें आहे तें आपण होऊन सोडलें, तर तो त्याग. जिच्या ताटांत कधीं वाढलेंच गेलें नाहीं तिनें काय सोडलें? ज्याला ‘नको’ म्हणण्याची सोय आहे त्याच्या ‘हो’ला किंमत असते. सुनेनें एके दिवशीं सर्वांच्या आधीं ताट वाढून घेतलें, तर घरांत काय होईल हें मनांत आणून पाहावें. जर नुसतें हसूं होईल, तर समजावें कीं तिचा त्याग मनाचा होता. जर आदळआपट होईल, तर तो त्याग नव्हता, हुकूम होता. आणि आपण त्याला गोड नांव दिलें होतें.

आणि हुकमाला त्याग म्हणणें ह्यांत आम्हांस दोहोंचा अपमान वाटतो. उपदेशक बंधूंनो, आपण व्यासपीठावरून स्वतःस नाकारण्याविषयीं बोलतों, तेव्हां समोर दोन प्रकारचे लोक बसलेले असतात. एकाला आपल्या इच्छेपुढें दुसरें कांहीं दिसत नाहीं. त्याला तो उपदेश पाहिजे. दुसरीनें वीस वर्षें आपली इच्छा कोणाला सांगितलेलीच नाहीं. तोच उपदेश तिच्या कानीं पडतो, आणि ती घरीं जाऊन अर्धी भाकरी आणखी कमी करिते. औषध एकच, पण एकाला गुण आणि दुसऱ्याला विष! रोग्याची नाडी न पाहतां औषध देणारा वैद्य आपण पाहिला तर त्याला काय म्हणूं?

कोणी म्हणेल, घरांत पुरेसें असतां हें सर्व ठीक. नसेल तेव्हां काय? तेव्हांच तर हा प्रश्न खरा होतो. अंगांतून पुष्कळ रक्त गेलें तर शरीर काय करितें पाहा. त्वचेकडील व आंतड्यांकडील वाहिन्या आंखडतात, हातपाय गार पडतात, आणि उरलेलें रक्त हृदयाकडे व मेंदूकडे राखलें जातें. कारण हीं दोन गेलीं तर बाकीचीं वांचून उपयोग नाहीं. टंचाईंत ज्याच्यावर सर्वांची भिस्त त्याचा वांटा शरीर सर्वांत शेवटीं कापतें. आपण घरांत तो सर्वांत आधीं कापतों. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी आमच्या जिल्ह्यांतील वृद्धांना अजून आहेत. बायका दिवसभर खडी फोडीत, सुकडी व मिलोची लाल भाकरी खात, आणि कामावरून परत येऊन पुन्हां शेवटींच जेवत.

त्याच काळांत आमच्या जिल्ह्यांत एक काम उभें राहिलें. डॉक्टर रजनीकांत आरोळे हे ह्याच जिल्ह्यांतले, शिक्षकांचे चिरंजीव. त्यांनीं व त्यांच्या पत्नी डॉक्टर मेबल आरोळे ह्यांनीं आधीं वडाळ्याच्या मिशन दवाखान्यांत काम केलें, आणि १९७० सालीं जामखेडास ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दवाखान्यांत बरें करून पाठविलेलीं मुलें त्याच रोगानें पुन्हां येतात, हें त्यांनीं पाहिलें होतें. गांवकऱ्यांस विचारिलें तर लोक म्हणत, औषध नंतर, आधीं अन्न आणि पाणी. तेव्हां मुलांसाठीं गांवोगांव सामाईक स्वयंपाक सुरू झाले आणि पाण्यासाठीं बोअर घेतल्या गेल्या. शिकलेल्या परिचारिका खेड्यांत रुळेनात, म्हणून गांवच्याच स्त्रियांस शिकविण्याचें ठरलें. त्यांत पुष्कळ जणींना अक्षरओळखहि नव्हती, कित्येक दलित घरांतल्या होत्या. त्या निरनिराळ्या जातींच्या बाया जामखेडास येऊन एकत्र शिकत व एकत्र जेवत. १९७१ च्या सुमारास ह्या भागांत जन्मलेल्या हजार मुलांपैकीं १७६ मुलें वर्षाच्या आंत जात. पुढल्या वीस-बावीस वर्षांत ती संख्या तिशीच्या खालीं आली. आरोळे दांपत्यास १९७९ सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळालें. मेबलबाई १९९९ सालीं आणि रजनीकांत २०११ सालीं वारले. त्या कामांत आम्हांस सर्वांत मोठी वाटते ती गोष्ट ही कीं, जी बाई आपल्या घरांत शेवटीं जेवत होती तिलाच त्यांनीं गांवाला आरोग्य वाढावयास बसविलें. आणि तें करण्यापूर्वीं तिला दुसऱ्या बायांच्या पंगतींत बसवून जेवूं घातलें.

आतां सासूचा प्रश्न राहिला. तो टाळून जाणें सोपें आहे, आणि बहुतेक जण टाळतात. सून धीर करून म्हणते, “आत्याबाई, चला, आपण दोघी संगंच बसूं.” सासू क्षणभर तिच्याकडे पाहते आणि म्हणते, “बस बाई तूं. आमचीं पांच बाळंतपणें चुलीपुढंच झालीं, आमाला कुणी म्हणलं न्हाई बस म्हणून.” ह्या बोलण्यांत नुसता टोमणा नाहीं. जें आपणांस कधींच मिळालें नाहीं तें दुसऱ्याला आपल्या हातानें द्यावयाचें, हें कठीण काम आपण तिच्यावर टाकीत आहों. तिचा हिशेब कोण चुकता करणार? नवरा गेला, दीर गेले. ज्यांच्याकडून येणें होतें ते आतां नाहींत. आम्हांस ह्याचें उत्तर पूर्णपणें सुचलेलें नाहीं. एवढें दिसतें कीं, तें येणें सुनेकडून वसूल करणें न्यायाचें नाहीं. आणि एवढेंहि दिसतें कीं, सासूला दोष देऊन पुरुषांना सुटतां येत नाहीं. पहिली फुगलेली भाकरी ज्याच्या ताटांत पडते त्यानेंच प्रथम हात आंखडावा. त्यानें ‘तूं घेतल्याशिवाय मी घेत नाहीं’ असें एकदां म्हटलें, तर सासूहि बसेल आणि सूनहि बसेल. म्हातारीच्याहि अंगांत रक्त कमीच असतें. तिच्या ताटांत भाजी वाढणें हेंहि त्याच हिशेबांतलें.

काय वाढावें तें थोडक्यांत सांगतों, कारण तें आमच्या रानांत आहे. बाजरींत गव्हाच्या पिठापेक्षां लोह अधिक आहे. हुलगा, मटकी, हरभरा. हुलग्याचें माडगें व शेंगोळे हीं गरिबाचीं म्हणून मागें पडलीं, तीं पुन्हां पुढें आणावीं. शेवग्याचा पाला, माठ, तांदुळजा, चाकवत, अंबाडी, मेथी, आणि थंडींत हरभऱ्याचा कोंवळा शेंडा. अकोलें तालुक्यांतील कोंभाळणें येथील राहीबाई पोपेरे ह्यांनीं शाळेचें तोंड न पाहतां गांवठी वाल-घेवड्यांचीं व भाज्यांचीं बियाणीं राखिलीं, आणि सरकारनें २०२० सालीं त्यांस पद्मश्री जाहीर केली. अशा बियाण्यांच्या चार वेली परसांत चढविल्या तर बाजाराची वाट पाहावी लागत नाहीं. धान्यांतील व पाल्यांतील लोह अंगीं लागण्यास वर लिंबू पिळावें, किंवा पेरूची एक फोड खावी. आणि जेवणावर लगेच चहा घेऊं नये, कारण तो त्या लोहाला अडवितो. तासभर थांबावें. ज्यांच्या मनाला चालतें त्यांनीं अंडें, मासळी, कलेजी खावी. ज्यांना चालत नाहीं त्यांनीं दूध-दहीं सोडूं नये. गरोदरपणीं सरकारी दवाखान्यांतून लोहाच्या गोळ्या मिळतात, त्या घ्याव्या. पुष्कळ घरीं त्या फडताळांत पडून राहतात. मीठ एक चिमूट कमी करावें. सासरा कुरकुर करील. पंधरा दिवसांनीं जिभेला संवय होते.

आणि आतां मंडळीचेंच घर. हंगामाच्या सणाला किंवा नाताळांत आपलें प्रीतिभोजन होतें. मांडवांत पहिली पंगत वडील मंडळींची, मग पाहुण्यांची, मग तरुणांची, मग मुलांची. आणि ज्यांनीं रात्रभर भाकरी थापल्या त्या बाया दुपारीं चारला, मोठ्या पातेल्याभोंवतीं, ज्यांत डाळीचें पाणी उरलें आहे त्यांत भाकरी कुस्करून बसतात. पाळकसाहेब उपकारप्रार्थना करितात ती सकाळीं अकराला, पहिल्या पंगतीपुढें. ह्या बायांच्या पंगतीपुढें उपकारप्रार्थना झालेली आमच्यापैकीं कितींनीं ऐकिली आहे? पुढल्या प्रीतिभोजनास कोणत्या पंगतीला कोणीं बसावें हें पंच मंडळी आधींच ठरवितात. त्या बैठकींत, वाढावयाचे डाव पहिल्या पंगतीला कोणाच्या हातांत असावे एवढा एकच प्रश्न कोणी तरी विचारावा.